पर्वरीच्या आतल्या रस्त्यांसाठी एक महिना द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, उत्तर गोवा
मा. पोलीस अधीक्षक (वाहतूक), गोवा
सुकूर, पेन्ह द फ्रान्स आणि साल्वादोर द मुंद पंचायतींचे सरपंच व पंच

सन्माननीय महोदय, महोदया,

पणजीसमोर मांडवीच्या पलीकडे असलेल्या आमच्या पर्वरीत सकाळी सव्वाआठ वाजले की राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पणजीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. रांग थोडी लांबली की मागच्या गाड्या डावी-उजवीकडे वळतात, आमच्या वाड्यांतून आणि वसाहतींतून वाट काढतात आणि पुढे कुठेतरी पुन्हा महामार्गाला लागतात. संध्याकाळी पावणेसहानंतर हेच उलट दिशेने सुरू होते. या गाड्यांना पर्वरीत कुणाच्या घरी जायचे नसते की इथून काही घ्यायचे नसते. हे थांबवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही आणि एका महिन्याच्या प्रयोगाला तर राजपत्रातली अधिसूचनाही लागत नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी हे रस्ते कसे आहेत ते सांगते, कारण महामार्गावरून पाहणाऱ्याला ते फक्त मोकळे दिसतात. दोन्ही बाजूंना चिऱ्यांची कुंपणे, कडेला गटार, त्यावर बऱ्याच ठिकाणी लादी नाही. पदपथ नाही. दोन मोटारी समोरासमोर आल्या की एकीला कुणाच्या तरी फाटकात मागे शिरावे लागते. चालणारा माणूस, सायकल, स्कूटर, भटकी गुरे, सगळे त्याच पट्टीवरून जातात. गाड्या कमी आणि सावकाश होत्या, गाडी चालवणारा ओळखीचा होता, तोवर हे नीट चालत होते. वळणावर हॉर्न दिला की पलीकडचा थांबायचा.

आता त्याच वळणावर मुले बालरथाची, म्हणजे शाळेच्या बसची, वाट पाहत उभी असतात. पूर्वी ती रस्त्यावर एकमेकांच्या मागे धावायची. आज आया त्यांना कुंपणाला चिकटवून, दप्तराचा पट्टा धरून उभ्या राहतात. पोदेराची, म्हणजे सायकलवरून दारोदार पाव विकणाऱ्याची, वेळ सकाळ-संध्याकाळची, म्हणजे नेमकी गर्दीची. सायकलच्या मागे पावांची पाटी, एका हाताने सायकल सावरायची, दुसऱ्या हाताने पाव मोजून द्यायचे, आणि मागे तीन मोटारी हॉर्न वाजवत खोळंबलेल्या. आमचा पोदेर आता काही गल्ल्यांत संध्याकाळी येतच नाही, आणि ज्या घरांत म्हातारी माणसे एकटी राहतात त्यांना ते जाणवते. पोदेर हा दिवसातून दोनदा दाराशी थांबून चार शब्द बोलणारा माणूस होता. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) संध्याकाळी लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असते. खुर्च्या मांडायला दुसरी जागा नसल्याने लोक पूर्वापार रस्त्यावरच उभे राहतात. चतुर्थीत आरत्यांसाठी मुले घुमट हे वाद्य आणि टाळ घेऊन या घरातून त्या घरात जातात. या दोन्ही गोष्टी आता गाड्यांना वाट देत देत कराव्या लागतात. माझ्या सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन येणे हा त्यांचा एकुलता व्यायाम आणि एकुलता विरंगुळा होता. आता त्या आवारातल्या आवारात फेऱ्या मारतात. त्यांना गाडीने कधी धक्का दिलेला नाही, त्यामुळे अपघाताच्या कुठल्याही नोंदीत त्या येणार नाहीत. रस्ता हातातून गेला आहे हे मात्र खरे.

पावसाळ्यात परिस्थिती आणखी बिघडते. पाणी भरले की गटार कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळत नाही. मोटारीला बाजू देताना दुचाकीवाला नेमका तिकडेच ढकलला जातो.

आता या वाहतुकीने साधते काय ते पाहू. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सकाळची रांग का लागते? पुढे कुठेतरी वाट अरुंद होते म्हणून. कधी सिग्नल, कधी महामार्गावरच्या उन्नत मार्गाच्या (उड्डाणपुलाच्या) कामामुळे आखडलेला रस्ता, कधी पुलाकडच्या उतारावर एकत्र येणारी वाहने. त्या अरुंद जागेतून मिनिटाला जेवढ्या गाड्या सुटतात तेवढ्याच सुटतात. जो आत वळतो आणि दोन चौक पुढे जाऊन पुन्हा महामार्गावर येतो, त्याने त्या अरुंद जागेची ताकद तसूभरही वाढवलेली नसते. तो फक्त रांगेत पुढे घुसलेला असतो. त्याची जी पाच मिनिटे वाचतात ती सरळ रांगेत थांबलेल्यांच्या वाट्याची असतात. वर आणखी एक नुकसान होते. आतून बाहेर येणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी महामार्गावरच्या कुणाला तरी ब्रेक लावावा लागतो, मागचा थांबतो, त्याच्या मागचा थांबतो. ज्या तोंडांवर आतल्या गाड्या महामार्गाला मिळतात तिथे सकाळी उभे राहून पाहावे. रांग पुढे सरकायला लागली की तिथेच पुन्हा तुटते.

‘आतले रस्ते बंद केले तर महामार्ग आणखी तुंबेल’ असे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. अडथळा पुढे असेल तेव्हा हे उत्तर टिकत नाही. आतून गेलेली गाडीही शेवटी त्याच अडथळ्यापाशी येते. आतल्या रस्त्याने खरोखरच पुलाला वळसा घालून पलीकडे जाता आले असते तर गोष्ट वेगळी होती. मांडवी ओलांडायला मात्र सगळ्यांना त्याच पुलांकडे यावे लागते, किंवा बेतीला जाऊन फेरीबोट धरावी लागते.

दुसरे उत्तर असे मिळते की उन्नत मार्ग पूर्ण झाला की सगळे आपोआप सुटेल. तो पूर्ण व्हावा असे आम्हालाही वाटते, कामाची धूळ आम्हीच खातो. पण मांडवीवरच्या तिसऱ्या पुलाचा, अटल सेतूचा, अनुभव ताजा आहे. २७ जानेवारी २०१९ रोजी तो खुला झाला. मडगाव आणि फोंड्याकडे जाणाऱ्या गाड्यांना पणजीच्या तोंडाशी अडकावे लागू नये हा त्याचा हेतू, आणि तो बऱ्याच अंशी साधला. पर्वरीच्या बाजूला मात्र तिन्ही पुलांची वाहने त्याच चढावर येऊन मिळतात. नवा मार्ग वरून जाणाऱ्यांना वरून नेईल. खाली उतरणारी वाहने खालीच असतील: मंत्रालयात, विधानसभेत, २०२१ पासून इथे आलेल्या उच्च न्यायालयात, शाळा-महाविद्यालयांत, दुकानांत येणारी. शिवाय एकदा आतली वाट माहीत झाली की चालक ती विसरत नाही, आणि फोनमधला नकाशा तर नाहीच नाही. नकाशाच्या लेखी आमची गल्ली हा एक सार्वजनिक रस्ता आहे आणि त्यावर कसलेही बंधन नाही. रहिवाशांनी तक्रार केली म्हणून तो तिथून गाड्या वळवणे थांबवत नाही. अधिकृत आदेश निघाला आणि फलक लागला, तर तो नोंदवता येतो.

म्हणून आदेशाबद्दल बोलते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ प्रमाणे राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेले अधिकारी सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचे स्वरूप लक्षात घेऊन एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी किंवा मर्यादा घालू शकतात. गोव्यात जिल्हा दंडाधिकारी याच कलमाखाली एकेरी वाहतुकीचे आणि पार्किंगबंदीचे आदेश नेहमी काढतात. त्याच कलमात एक परंतुक आहे: बंधन एका महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर योग्य ती प्रसिद्धी दिली की पुरते. कायद्याने आपल्याला प्रयोग करून पाहायची मुभा दिलेली आहे. आम्ही तो प्रयोग मागत आहोत.

प्रयोग कसा असावा याबद्दल आमच्या गल्लीतल्या लोकांशी आणि शेजारच्या वाड्यांतल्या लोकांशी आम्ही बरेच बोललो. सुरुवातीला सगळ्यांच्या मनात एकच येते: ‘फक्त रहिवाशांसाठी’ असा फलक लावा. माझा त्याला विरोध आहे. हे रस्ते सार्वजनिक आहेत आणि सार्वजनिकच राहावेत. काही ठिकाणी लोकांनी स्वतःहून फाटके आणि साखळ्या लावायला सुरुवात केली आहे, तेही मला पसंत नाही. एका वसाहतीने साखळी लावली की गाड्या शेजारच्या वाड्यात शिरतात, आणि ज्या वाड्यात साखळी लावायला सोसायटी नाही, वॉचमन नाही, त्याच्या माथी सगळा भार येतो. सुकूरने आपली गल्ली वाचवायची आणि शेजारच्या तोर्डा वाड्याने सोसायचे, हा तोडगा आम्हाला नको. जे करायचे ते महामार्गाच्या दोन्ही बाजूंना, सगळ्या जोडरस्त्यांवर एकाच दिवशी करावे. त्यासाठीच तिन्ही पंचायतींना हे पत्र एकत्र लिहिले आहे.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात लिओनिया नावाचे छोटे नगर आहे. न्यूयॉर्कला जाणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या जवळ असल्यामुळे त्याची अवस्था आपल्यासारखीच झाली होती. पुलाची रांग चुकवायला फोनवरचे नकाशे गाड्या त्याच्या गल्ल्यांत वळवत होते. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या प्रशासनाने सुमारे साठ रस्ते सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ९ या वेळांत बाहेरच्या लोकांना बंद केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले, कारण राज्याच्या परिवहन खात्याची मंजुरी घेतलेली नव्हती. यावरून मी दोन गोष्टी घेते. आदेश योग्य अधिकाऱ्याकडूनच निघाला पाहिजे. आणि चालक कुठला राहणारा आहे हे विचारत बसण्यापेक्षा गाडी कुठल्या दिशेने जाऊ शकते ते ठरवावे. तो नियम सगळ्यांना सारखा लागतो, ओळखपत्रे तपासावी लागत नाहीत.

तर आमची मागणी अशी. सकाळी ८ ते १० या वेळात पणजीच्या दिशेने जाणारे आतले जोडरस्ते उलट दिशेने एकेरी करा. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात म्हापशाच्या दिशेसाठी तसेच करा. मोटारी आणि दुचाकी दोघांनाही हे लागू असावे, कारण गोव्यात आतून जाणाऱ्यांत दुचाकी थोड्या नाहीत. सायकल आणि पायी जाणाऱ्यांना कसलीच अट नको. १०८ ची रुग्णवाहिका, अग्निशमन दल, बालरथ आणि कचरागाडी यांना मोकळीक द्या. आम्हाला स्वतःलाही सकाळी घरून निघताना वळसा पडेल, कधी दहा मिनिटे जास्त लागतील. त्यावर आमच्यात वाद झाला, काही जण अजून नाराज आहेत, पण बहुतेकांनी मान्य केले आहे. घरासमोर मूल निर्धास्त उभे राहणार असेल तर दहा मिनिटे देण्याची तयारी आहे.

महिनाभरात उपयोग दिसला तर पुढचे पाऊल म्हणून अशा रस्त्यांच्या मध्यावर एका ठिकाणी मोठ्या कुंड्या किंवा खांब बसवावेत. दोन्ही बाजूंनी घरापर्यंत गाडी यावी, पण आरपार जाऊ नये. मधला एक खांब काढता येण्याजोगा ठेवून त्याची किल्ली अग्निशमन दलाकडे द्यावी. मग तिथे पोलीस उभा करावा लागणार नाही. वाहतूक पोलिसांवरचा ताण आम्हाला दिसतो, प्रत्येक गल्लीच्या तोंडावर शिपाई द्या असे म्हणणे न्याय्य होणार नाही. पहिले काही दिवस मात्र लागेल.

वेगाबद्दलही आदेश हवा. केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महामार्ग सोडून इतर रस्त्यांवर मोटारीची कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. राज्याने कमी मर्यादा ठरवली नसेल तर चिऱ्यांच्या कुंपणांमधल्या आमच्या गल्लीलाही तीच लागू होते. कलम ११२ खाली राज्य ती कमी करू शकते. ताशी ३० ने जाणारी मोटार, चालकाने सेकंदात ब्रेक दाबला तर, कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ला तिला जवळजवळ २८ मीटर लागतात. आमच्या वळणांवर २८ मीटर पुढचे दिसतच नाही. जिथे माणसे आणि वाहने एकाच रस्त्यावर असतात तिथे ३० ची मर्यादा असावी असे फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याच वर्षी त्याला मान्यता दिली आहे. गोव्यात २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांत रस्त्यांवर अडीचशेहून जास्त माणसे गेली, त्यांत दुचाकीवरची सर्वांत जास्त. पर्वरीच्या गल्ल्यांत ३० पेक्षा जास्त वेगाची गरज कुणालाही नाही.

गतिरोधक घालायचे तर ते इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे घाला: ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटीमीटर उंच, ताशी २५ च्या वेगाने आरामात ओलांडता येईल असा गोलसर उंचवटा, त्यावर पांढरे पट्टे आणि आधी फलक. रस्त्याला ठोकलेल्या रबरी पट्ट्या नकोत. वर्षभरात अर्ध्या निघतात, उरलेल्यांचे खिळे वर येतात आणि दुचाकीवाले त्या चुकवायला गटाराच्या बाजूने जातात.

कामासाठी अधिकृतपणे वळवलेली वाहतूक ही वेगळी बाब आहे. ती काही काळ सोसावी लागणार हे आम्ही समजतो. पण त्यासाठी कुठला रस्ता, कुठली वाहने, किती वाजता आणि कुठल्या तारखेपर्यंत हे लिहून फलकावर लावलेले असावे. अवजड वाहने गल्ल्यांत येता कामा नयेत. तारीख संपली की रस्ता पूर्ववत करून द्यावा.

आतून जाणाऱ्या लोकांविषयी आमच्या मनात राग नाही. म्हापसा, गिरी, कळंगुटकडून निघालेली ही माणसे आहेत. त्यांना हजेरीच्या यंत्रावर वेळेत बोट टेकायचे आहे, मुलांना शाळेत सोडायचे आहे. कार्यालये, शाळा, न्यायालय सगळे एकाच तासात उघडते. कदंब या सरकारी परिवहन महामंडळाची म्हापसा-पणजी शटल बस सोयीची आहे, पण तीही त्याच रांगेत उभी राहते. तिला महामार्गावर गर्दीच्या वेळी स्वतंत्र पट्टी मिळाली, संध्याकाळी उशिरापर्यंत बसगाड्या धावल्या, तर यांतले पुष्कळ जण मोटार घरी ठेवतील असे मला वाटते. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती, आणि नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा आज त्याच्या पुढे गेला आहे. एवढ्या गाड्यांना पुरेल इतका आतला रस्ता आमच्याकडे नाही.

एक अडचण आमच्या बाजूची. जनगणनेने सुकूर आणि पेन्ह द फ्रान्स यांना केव्हाच नगर मानले आहे, पण कारभार पंचायतींकडे आहे. रहदारी शहराची, रस्त्याची देखभाल पंचायतीची, महामार्ग केंद्राचा, सिग्नल आणखी कुणाचा. अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला एका कार्यालयातून दुसऱ्यात पाठवले जाते आणि प्रत्येक ठिकाणी सांगणारा खरेच सांगत असतो की हे आमच्याकडे नाही. कलम ११५ चा आदेश हा या सगळ्यांतला असा एक कागद आहे, ज्याला एकाच सहीची गरज आहे.

आदेश काढण्यापूर्वी आकडे हवे असतील तर ते जमवायला आम्ही तयार आहोत. पद्धत सोपी आहे. गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोन-दोन माणसे बसवायची, येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची. एका तोंडाने शिरून काही मिनिटांत दुसऱ्या तोंडाने बाहेर पडलेली गाडी आरपार गेली असे धरायचे. प्रयोगाच्या आधीचा आठवडा, प्रयोगाचा दुसरा आठवडा आणि शेवटचा आठवडा अशी तीन वेळा मोजणी करू. त्याच वेळी महामार्गावर तेवढ्या अंतराला किती मिनिटे लागतात हे आपल्या खात्याने मोजावे. महामार्गाची रांग खरोखर वाढली असे दिसले तर ते मान्य करून आम्ही पुढच्या चर्चेला बसू. निवृत्त शिक्षक, महाविद्यालयातली मुले, दोन-तीन गृहिणी अशी माणसे तयार आहेत. एक पोलीस शिपाई बरोबर दिला तर नोंदींवर कुणी शंका घेणार नाही.

पाहणीला यावे ही शेवटची विनंती. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी येऊ नका, तेव्हा रस्ता शांत असतो. सोमवारी किंवा मंगळवारी, शाळा चालू असताना, सकाळी साडेआठला या आणि गाडी महामार्गापाशी ठेवून आत चालत या. तिन्ही पंचायतींच्या सरपंचांनी ग्रामसभेची वाट न पाहता त्याच आठवड्यात संध्याकाळी आठनंतर एक एकत्र बैठक ठेवावी, म्हणजे कामावरून आलेल्यांनाही येता येईल. कुठल्या जोडरस्त्यांना आदेश लागू करायचा त्याचा नकाशा आम्ही हाताने काढून ठेवला आहे, तो बैठकीत आपल्यापुढे ठेवू.

आपली,
पर्वरीची एक रहिवासी